पुढची मूठ, मागची मूठ

मित्रांनो, घराच्या मागच्या भिंतीला लागून, दोन जुन्या टायरांवर पालथी पडलेली ती हिरवट वस्तू दिसते ना, ती मी. लांबून बघणाऱ्याला मी पाण्याची टाकी वाटते. एकदा एका पाहुण्याने माझ्यावर चहाचा कप ठेवला आणि बाक छान आहे म्हणाला. मी बाक नाही. मी कयाक आहे, म्हणजे एका माणसाने बसून वल्हवायची लहान होडी. रंग उडाला आहे, पोटाला शेवाळ धरलं आहे, वय झालं आहे. पण आहे होडीच.

मला बघायला येणारा प्रत्येक जण आधी एकच प्रश्न विचारतो, ‘उलटते का हो?’ नाही. मी जन्मात एकदाही उलटले नाही. वाऱ्यात नाही, लाटेत नाही, माणूस माझ्यावर उभा राहून हातपाय हलवत होता तेव्हाही नाही. हे सांगताना पूर्वी मला केवढा अभिमान वाटायचा! आता वाटत नाही. का वाटत नाही ते तुम्हाला सांगते. गोष्ट फार आनंदाची नाही, तेव्हा ज्याला खेळायला जायचं असेल त्याने आत्ताच जावं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या भट्टीत झाला. प्लास्टिकची पूड लोखंडी साच्यात भरली, साचा बंद केला आणि भट्टीत सगळ्या बाजूंनी गरगर फिरवला. पूड वितळून साच्याच्या अंगाला चिकटली आणि मी तयार झाले. आतून पोकळ, बाहेरून भक्कम. कडा तासणाऱ्या कामगाराने मला एका हाताने ओढून पाहिलं, मग दोन्ही हातांनी ओढलं, आणि मग तो ओरडला, “अरे, कुणीतरी या रे इकडे, ही बया एकट्याने हलत नाही!” माझ्याविषयी बोललं गेलेलं हे पहिलं वाक्य. तेव्हा मला ते कौतुकच वाटलं होतं.

मी रुंद आहे. जाडी म्हणा हवं तर, मला राग नाही. माझा तळ सपाट आहे आणि त्याला दोन्ही बाजूंना उभे कंगोरे आहेत. त्यामुळे पाण्यावर मी मांडी ठोकून बसल्यासारखी बसते. माझी पाठ मोकळी आहे. तिच्यावर खुंट्या नाहीत, कड्या नाहीत, काही अडकेल असं काहीच नाही. मधोमध एक उंच खुर्ची, तिच्यापुढे पाय न घसरण्यासाठी मऊ पट्टी, आणि बसलेल्या माणसाला धरून उठता यावं म्हणून एक जाड पट्टा. पुढच्या टोकाला एक मूठ, मागच्या टोकाला एक मूठ. या दोन मुठी लक्षात ठेवा.

दुकानात माझ्या शेजारी एक लाल कयाक होती. बारीक, चुणचुणीत आणि आगाऊ. दुकानदार तिला एका हाताने उचलून खांद्यावर घ्यायचा आणि गिऱ्हाइकापुढे नाचवायचा. मला दाखवायचं झालं की गिऱ्हाईकच माझ्याकडे चालत यायचं. लाल बाई मला खूप हसत असे. मीही मनात म्हणायचे, हस हस, पाण्यात गेल्यावर कोण डुगडुगतं ते बघू.

एके दिवशी एक जोडपं दुकानात आलं. त्यातले गृहस्थ डोळे तपासून चष्मे करून देत. त्यांचं स्वतःचं चष्म्याचं दुकान होतं. त्यांची बायको त्याच दुकानात हिशेब आणि गिऱ्हाइकं दोन्ही सांभाळत असे. आपण त्यांना काका आणि काकूच म्हणू. काकांना जन्मभराची एक सवय जडली होती. चष्म्याची काच ठरवताना ते माणसाला विचारत, “पहिली बरी की दुसरी?” मग शर्ट घेताना, उशी घेताना, भिंतीला रंग देतानाही त्यांच्या तोंडातून तेच निघे. काकू त्यावरून त्यांची यथेच्छ थट्टा करत. “मला बघायला आले होते तेव्हा माझ्या बहिणीला शेजारी बसवायला सांगितलं नाही, हेच नशीब,” असं त्या दुकानदारालाच सांगत होत्या.

काकांना वेड होतं ते माशीने मासे धरण्याचं. गळाला अळी किंवा पिठाची गोळी लावून बसणारे वेगळे. काका पिसं आणि रेशमी दोरा गुंडाळून आकड्यावर खोटी माशी तयार करत, तीसुद्धा चष्म्याच्या दुकानातल्या भिंगाखाली. माशीला वजन नसतं, त्यामुळे ती नुसती भिरकावता येत नाही. लांब जाड दोरी काठीने मागे-पुढे, मागे-पुढे हवेत झुलवायची आणि मग अलगद सोडायची. तेव्हा ती माशी खरीखुरी दमून पाण्यावर टेकल्यासारखी टेकते. हे काम काका आयुष्यभर नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून करत आले होते.

“आणि एवढं करून मासा धरतात आणि सोडून देतात,” काकू म्हणाल्या.

“सोडून देतात? मग धरतात कशाला?” दुकानदाराने विचारलं.

“विचारा, तुम्हीच विचारा. मी लग्न झाल्यापासून विचारतेय.”

काका हसले. हसता हसता त्यांनी शेजारच्या फळीला धरलं. मग मला दिसलं की ते सारखंच काहीतरी धरत होते. फळी, टेबल, काकूंचा खांदा.

त्यांना एक आजार जडला होता. पायाखाली जमीन आहे की नाही, हे त्यांच्या पायांना कळेनासं झालं होतं. पाय कुठे पडतोय हे डोळ्यांनी बघावं तेव्हा समजायचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की यावर औषध नाही, हे हळूहळू वाढत जाणार. आदल्या हंगामात नदीच्या धारेत त्यांचे पाय गेले आणि ते वाहत चालले. पलीकडे मासे धरणाऱ्या एका अनोळखी माणसाने त्यांना कॉलरला धरून काठावर ओढलं. त्या दिवशी काकूंनी नदी बंद केली. काका आठवडाभर बोलले नाहीत. मग तोड निघाली, की नदी नको पण गावाबाहेरचं तळं चालेल, आणि तळ्यावर होडी लागेल, आणि होडी अशी हवी की काही केल्या उलटणार नाही.

“तुम्ही बसून टाकणार की उभं राहून?” दुकानदाराने विचारलं.

“उभं राहून,” काका म्हणाले. “बसून टाकायची तर घरी खुर्चीत बसलेलं काय वाईट?”

मित्रांनो, सगळं इथे ठरलं. पण इथे काही ठरतंय असं कुणालाच वाटलं नाही.

दुकानामागे होड्या चालवून बघायला एक लहानसं डबकं होतं, जेमतेम गुडघाभर पाण्याचं. आधी लाल बाईची पाळी आली. काका तिच्यात बसले आणि छान वल्हवत फिरून आले. बसल्या बसल्या त्यांनी काठीही झुलवून पाहिली आणि दोरी सुरेख गेली. “झकास!” दुकानदार म्हणाला. मग काका उठायला गेले. लाल बाई अशी काही डुगडुगली की काका धपकन पाण्यात. दुकानदाराला हसू आवरेना. काकूंनी मात्र तोंडावर हात घेतला होता, आणि तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

मग मी. ओल्या कपड्यांनी काका माझ्यात बसले. त्यांनी पट्टा धरला आणि ते उठले. पोटऱ्या मागे खुर्चीच्या कडेला टेकवल्या, म्हणजे आपण कुठे उभे आहोत हे त्यांना कळत राहिलं. मी हलले नाही. मुंगीएवढीही हलले नाही. काकांनी काठी उचलली, दोरी मागे गेली, पुढे गेली, लांब होत गेली आणि डबक्याच्या पार पलीकडे जाऊन टेकली. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हरवलेलं पाकीट कुणीतरी आणून द्यावं तसा.

“पहिली बरी की दुसरी?” काकूंनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न काकांना कुणीतरी विचारत होतं.

“दुसरी,” काका म्हणाले. “अगं, हिच्यावर नाचता येईल.”

दुकानदार मात्र भला माणूस होता. तो म्हणाला, “हे बघा, बसून टाकायची तयारी असेल तर लालच घ्या. एकटं माणूस उचलून नेतं. उभंच राहायचं असेल तर हीच, दुसरी नाही. पण ही जड आहे. हिला दोघं लागतात, आणि दर वेळी लागतात.”

“आहोत की दोघं,” काका म्हणाले.

काकूंनी माझ्या रुंदीवरून हात फिरवला. “उलटणार नाही ना?”

“नाही हो.”

“मग हीच,” काकू म्हणाल्या.

मी तर हवेतच होते. लाल बाईकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

पहिला हंगाम आमचा सुखाचा गेला. सकाळी गॅरेजचं दार उघडायचं. काका पुढची मूठ धरायचे, काकू मागची. काका म्हणायचे, “हां!” आणि मी उचलली जायचे. गॅरेजमधून फाटकापर्यंत, तिथून गाडीच्या टपावर. तळ्याशी पुन्हा टपावरून खाली, मग उतारावरून चिखलापर्यंत. परतताना हेच सगळं उलट्या क्रमाने, आणि तेव्हा उतार चढ झालेला असे. काका नेहमी पुढे असत, कारण पुढे असलं की पाय टाकायची जागा त्यांना नीट दिसे. त्यांची पाठ माझ्याकडे असायची. मला समोर दिसायचा तो काकूंचा चेहरा. उचलताना त्या खालचा ओठ दातांत धरायच्या. खाली ठेवल्यावर ओठ सोडायच्या आणि म्हणायच्या, “चला, गेली बाई एकदाची पाण्यात.”

काकूंना पाण्याची भीती होती. सुरुवातीला त्या काठावर घडीची खुर्ची टाकून तळ्याकडे पाठ करून बसत. त्यांच्या हातात विणकाम असे आणि कान सगळे मागे. काका माझ्यावर उभे राहत, लव्हाळ्यांच्या कडेने दोरी सोडत. एकदा धपकन आवाज झाला. काकू खुर्चीसकट उठल्या. बघतात तर मोठा मासा उडाला होता आणि काका शांत उभे. त्यानंतर खुर्ची थोडी वळली. मग आणखी थोडी. हंगाम संपता संपता काकू सरळ तळ्याकडे तोंड करून बसू लागल्या आणि काठावरून सूचनाही देऊ लागल्या. “अहो, डावीकडे, डावीकडे उडतायत! तुम्ही तिकडे काय टाकताय?”

“तू ये आणि टाक!”

“मी नाही बाई. तुमची ती म्हैस तुम्हालाच लखलाभ.”

म्हैस म्हणजे मी. मला ते नाव आवडलं होतं.

एके सकाळी पाणी अगदी निवांत होतं. काकांनी दोरी टाकली आणि लव्हाळ्यांतून एक मोठा चंदेरी मासा वर आला, माशी घेऊन खाली गेला. काठी वाकली. मासा माझ्याभोवती फिरला, काका माझ्यावर उभ्या उभ्या त्याच्याबरोबर वळत गेले, आणि मी खाली पाय रोवून बसले. अखेर त्यांनी वाकून मासा हातात घेतला, काकूंना दिसेल असा उंच धरला, आकडा काढला आणि त्याला पाण्यात सोडून दिलं. काठावर काकूंनी चक्क टाळ्या वाजवल्या. काका मला थोपटून म्हणाले, “शाबास गं माझ्या बाई!” मित्रांनो, एवढं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही. ती सकाळ सोडली तर माझ्याकडे दाखवण्यासारखं फारसं काही नाही.

दुसऱ्या हंगामात काका उठायला पट्टा धरायचे आणि तसेच धरून राहायचे. उभं राहणं होई, पण दोरी झुलवायला हात रिकामा उरत नसे. मग एकदा ते न उठताच बसून राहिले. काठी मांडीवर. काकू काठावरून काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने काकांनी बसूनच दोरी टाकली आणि ती बऱ्यापैकी गेली. परतताना ते म्हणाले, “बसून काही अगदीच वाईट नाही.” काकू म्हणाल्या, “मी कुठे काय म्हटलं?”

बघा, म्हणजे जे उभं राहणं जपायला त्यांनी मला आणलं, ते उभं राहणं सरलं होतं. उरलं होतं माझं वजन.

वजन कमी होत नाही हो. माणसाची ताकद कमी होते, होडीचं वजन आहे तेवढंच राहतं. पुढची मूठ धरून चालताना काका अडखळू लागले. एकदा गॅरेजच्या दाराशी ती मूठ त्यांच्या हातातून निसटली आणि माझं नाक फरशीवर आपटलं. ती खोच अजून आहे. त्यानंतर काकूंनी भार आपल्याकडे घ्यायला सुरुवात केली. त्या मागची मूठ सोडून दोन्ही हात माझ्या पोटाखाली घालायच्या आणि सरकत पुढे यायच्या, म्हणजे पुढचं टोक हलकं होई. काकांना वाटायचं, आज आपल्याला बरं जमतंय. ते खुशीत म्हणायचेही, “बघ, सवयीने हलकी झाली!” काकू म्हणायच्या, “हो ना.” ओठ दातांत असताना हे दोन शब्द कसे बोलायचे ते त्यांना येऊ लागलं होतं.

त्यांनी इतर उपायही केले. मला चाकांच्या गाडीवर बांधून पाहिलं, पण तळ्याच्या चिखलात चाकं रुतली. लेक परगावी असायची. ती सुट्टीत आली की नवऱ्याला घेऊन मला उचलायची, आणि जाताना म्हणायची, “आई, अगं शेजाऱ्यांना बोलवत जा की.” शेजारी एकदा आले, दोनदा आले. तिसऱ्यांदा बोलवायला काकांनाच लाज वाटली.

आणि मग तो दिवस आला. सकाळ होती, लख्ख ऊन होतं, तळ्यावर पान हलत नसेल असा दिवस. काका पुढे, काकू मागे. “हां!” मी उठले. गॅरेजमधून बाहेर पडतोय तोच घरात फोन वाजला. काका एरवी चालताना मान वळवत नसत, कारण पायांवरची नजर काढून चालत नव्हतं. पण त्या दिवशी ते फोन ऐकून थांबले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं.

काकूंचा चेहरा त्यांना दिसला. लाल झालेला, घामाने भिजलेला, ओठातून रक्ताचा थेंब आलेला. त्या जवळजवळ सगळी मला एकट्याच उचलत होत्या. काकांच्या हातात फक्त मूठ होती, भार नव्हता.

काकांनी मला हळूच खाली ठेवलं.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

“आज वारा आहे,” काका म्हणाले. “नको जायला.”

वारा अजिबात नव्हता. काकूंनी आभाळाकडे पाहिलं, समोरच्या झाडाकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “हो, आहे खरा.” दोघांनी मला ढकलत ढकलत पुन्हा आत नेलं. त्या दिवसानंतर रोजच वारा असायचा.

बऱ्याच दिवसांनी, गॅरेजमध्ये औषधांचे रिकामे खोके ठेवायला आले असताना, काका माझ्या कडेवर बसले आणि म्हणाले, “अगं, ती लाल होती ना, ती असेल का गं अजून? बसून टाकीन मी. ती तुला एकटीला उचलता येईल.”

काकू त्याच दुपारी दुकानात गेल्या. लाल बाई केव्हाच कुणाच्या तरी खांद्यावर बसून गेली होती. पण तिच्यासारख्या दुसऱ्या होत्या, निळ्या, पिवळ्या. काकू उत्साहाने परत आल्या, काकांना गाडीत घालून त्याच डबक्यावर घेऊन गेल्या. मी नव्हते तिथे. परत आल्यावर काकू गॅरेजमधून लेकीशी फोनवर बोलत होत्या, त्यावरून मला कळलं. काकांना आता नुसतं बसूनही तोल सावरत नव्हता. निळी त्यांच्याबरोबर एका बाजूला कलली आणि दुकानदाराने दोन्ही हातांनी धरून ठेवली. “ही जड होडी घेतली नसती,” काकू फोनवर म्हणाल्या, “तर दोन वर्षं तरी मिळाली असती गं त्यांना. बसून का होईना.” लेक पलीकडून काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

मला त्या वेळी वाटलं, कुणीतरी माझ्यावर रागवावं. दोन लाथा घालाव्यात. पण कुणी रागावलं नाही. माझी चूकच नव्हती. मी उलटणार नाही म्हणून मला आणलं, आणि मी उलटले नाही.

काका पडले ते घरात. सपाट, कोरड्या फरशीवर, स्वयंपाकघराच्या दारात, पाण्याचा पेला घेऊन येताना. पेला फुटला नाही. कंबर मोडली. नंतर ते चाकाच्या खुर्चीतच असायचे.

एकदा काकूंनी त्यांना गॅरेजमध्ये आणलं. लेक आली होती. दोघींनी मिळून त्यांना खुर्चीतून उचललं आणि माझ्यात बसवलं. मी तशीच कोरड्या फरशीवर. समोरचं दार सताड उघडलं, काठी हातात दिली. काकांनी दोरी मागे नेली, ती फळीवरच्या रंगाच्या डब्यात अडकली. काकूंनी सोडवली. दुसऱ्यांदा ती दाराबाहेर गेली आणि गाडीच्या चाकापाशी पडली. जन्मभर नदीत तासन्‌तास उभे राहिलेले काका तिच्याकडे बघत बसले. काकू म्हणाल्या, “छान गेली.” काका म्हणाले, “हो.” मग म्हणाले, “चल, आत ने मला. गार वाटतंय.”

ते परत गॅरेजमध्ये आले नाहीत. त्या थंडीत ते गेले.

लेकीने गॅरेज रिकामं करून दिलं. जाताना ती आणि तिचा नवरा मला उचलून इथे मागे घेऊन आले आणि टायरांवर पालथी घातली. काठ्या कुणाला तरी दिल्या. माश्यांची डबी मात्र काकूंनी ठेवून घेतली. आता माझ्याखाली मांजर वितं, वरून पावसाळा जातो, उन्हाळा जातो. पुढच्या मुठीत कोळ्याने जाळं केलं आहे. काकू कधी कपडे वाळत घालायला आल्या की माझ्यावर बादली टेकवतात. मला चालतं.

मला न्यायला लोक येतात, बघतात, उचलून पाहतात आणि जातात. परवा एक जोडपं आलं. माणूस काकांच्या वयाचा नव्हता, बराच लहान. पण फाटकातून आत येताना त्याने हातातली, चालताना टेकायची काठी कुंपणाला लावून ठेवली, कुणाला दिसू नये अशी. काकूंना दिसली. मलाही दिसली.

“उलटते का हो?” त्याच्या बायकोने विचारलं.

“नाही,” काकू म्हणाल्या. “ही कधीच उलटत नाही.” मग थांबून त्यांनी विचारलं, “पण उचलणार कोण?”

“आहोत की दोघं,” तो म्हणाला.

काकूंनी बादली खाली ठेवली. “माझं ऐका,” त्या म्हणाल्या, “बसून टाकायला लागणारी हलकी होडी घ्या. उभं राहायचा नाद सोडा. बसूनसुद्धा चांगली जाते दोरी. मी बघितलंय.”

तो हसला, अगदी मोकळेपणाने. “काकू, बसूनच टाकायची तर मग घरीच बसतो की.”

काकू त्याच्या बायकोकडे बघत राहिल्या. बायको माझ्या रुंदीवरून हात फिरवत होती. पुढे काही बोलायचं होतं काकूंना, त्यांचं तोंड उघडलंही होतं. पण त्या म्हणाल्या, “बरं. उचलून बघा.”

त्यांनी मला सुलटी केली. त्याने पुढची मूठ धरली, कोळ्याचं जाळं त्याच्या बोटांना चिकटलं. तिने मागची धरली. मी उठले. “अगं, काहीच नाहीये!” तो म्हणाला. त्याची पाठ माझ्याकडे होती. तिचा चेहरा माझ्यासमोर होता, आणि तिने खालचा ओठ दातांत धरला होता.

मित्रांनो, पुन्हा पाणी मिळणार म्हणून मला आनंद व्हायला हवा. होत नाही. मी त्याला पाडणार नाही, हे मी छातीठोक सांगते. पण पाण्यापर्यंत जाणं माझ्या हातात नाही, आणि तो रस्ता दर वर्षी लांबत जातो. तुम्ही होडी घ्यायला जाल तेव्हा तिची रुंदी बघा, तळ बघा, दोरी अडकेल असं काही नाही ना तेही बघा. माझ्यासारख्या वस्तूंची निगा राखा असंही मी म्हणाले असते, पण माझं काय, मी शेवाळ धरूनही टिकते. मागणं एवढंच, की जड काही उचलताना पुढची मूठ तुमच्याकडे असली, तर मध्येच एकदा थांबा आणि मागे वळून बघा. बघितलंत तर कदाचित तुमचं पाण्यावर जाणं सुटेल. काकांचं सुटलं. तरीही बघा.

उद्या ते दोघं मला टपावर बांधायला पट्टे घेऊन येणार आहेत. पुढची मूठ तो धरेल.